थोरली आणि धाकटी

आमच्या भागात बाईच्या गाण्याला एकच शेरा मिळतो: "गोड म्हटलंत." दशलक्षण पर्वात रोज संध्याकाळी आरती झाली की आमचं मंडळ बस्तीत स्तवनं म्हणतं. पंचवीस वर्षं मी हा शेरा ऐकते आहे. सूर चोख लागला तरी गोड, आणि पावसानं घसा बसला होता त्या दिवशीही गोडच. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना आम्ही सगळ्या आक्का म्हणतो, एकदा पेटी मिटता मिटता म्हणाल्या, "ह्यांनी ऐकलंय कुठं? आमची तोंडं बघून सांगालेत."

हा "गोड" शब्द ज्यांच्या अंगाला सर्वांत जास्त चिकटला, त्या म्हणजे हिराबाई बडोदेकर. आमच्या वडिलांकडे त्यांच्या जुन्या तबकड्या होत्या. पाहुणे आले की वडील एखादी लावायचे आणि पाहुणे चहाच्या बशीतून मान वर करून म्हणायचे, "काय गोड आवाज!" मग तंबाखूच्या दराची बोलणी पुढं चालू. लहानपणी मलाही वाटायचं, गोड म्हटलं की विषय संपला. आता वयाची पन्नाशी उलटल्यावर त्याच तबकड्या आणि त्यानंतरचं हिराबाई व सरस्वतीबाई राणे या दोघी बहिणींचं एकत्र गाणं मी पुन्हा नेटानं ऐकते आहे. आणि मला वाटतं, त्या एका शब्दाआड आपण दोन गोष्टी गमावल्या. एक, हा गोडवा किती कष्टानं आणि किती विचारानं आलेला होता ते. दुसरी गोष्ट म्हणजे धाकटी बहीण.

मिरज आम्हा निपाणीकरांना परकं नाही. घरात मोठं दुखणं निघालं की मिरज, आणि तंबोरा घ्यायचा असला तरी मिरज. त्या मिरजेत १९०५ साली हिराबाईंचा जन्म झाला. वडील किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई बडोद्याच्या सरदार माने यांच्या घरातल्या. खाँसाहेब बडोद्याच्या दरबारी गात होते. तिथून ही दोघं निघून आली आणि संसार थाटला. पाच मुलं झाली. १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन त्या संसारातून बाहेर पडल्या आणि मुलांना नवी नावं मिळाली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई झाली, सकीनाची सरस्वती. सुरेशबाबू तेव्हा वीस वर्षांचे, हिराबाई सतरा, सरस्वतीबाई अवघ्या आठ-नऊ.

आपल्यातल्या कुणीही क्षणभर त्या आईच्या जागी उभं राहून बघावं. नवरा नामांकित गवई, आणि आपण पाच मुलांसह घराबाहेर. हातात काय, तर मुलांचे गळे. आणि तो काळ असा, की बाई चारचौघांत गाते म्हटल्यावर लोक तिच्याकडे एकाच नजरेनं बघत. गाणं तर गायचं, पण बोट दाखवायला कुणाला जागा ठेवायची नाही, ही अट गाण्याच्या आधीच घातलेली. हिराबाई मैफलीला बसत त्या अंगभर पदर घेऊन, हातवारे नाहीत, चेहरा कुठं वेडावाकडा होत नाही. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या काही बायकांत त्यांची गणना होते. त्यांच्यामुळं "घरंदाज" बायकांना गाण्याचा रस्ता मोकळा झाला असं आपण कौतुकानं म्हणतो. खरंच झाला. पण त्या रस्त्याचा कर त्यांनी एकटीनं भरला, हे म्हणत नाही. आवाज जरासुद्धा चढेल, फाटेल, रुसेल, ओरडेल, अशी मुभाच त्यांना नव्हती. या गोडव्यात थोडा धाक मिसळलेला आहे, असं मला अलीकडे ऐकू येतं.

पण नुसता धाक असता तर गाणं गुळमुळीत झालं असतं. ते तसं झालं नाही, याचं कारण तालीम. हिराबाई शिकल्या त्या थोरल्या भावाकडे, सुरेशबाबूंकडे, आणि अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे. किराण्याची रीत अशी, की रागातला एकेक स्वर हातात घ्यायचा, त्याची ओळख पुरती पटल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. वहीद खाँ तर या सावकाशीसाठीच प्रसिद्ध. आता एवढी सावकाशी शिकलेली बाई तीन मिनिटांच्या तबकडीत गाते तेव्हा काय करते, हे बघण्यासारखं आहे. पटदीपाची त्यांची तबकडी घ्या. घाई कुठंच नाही, आणि तरीही अर्ध्या मिनिटात राग समोर उभा आहे. हे कसं होतं? त्या स्वरांची गर्दी करत नाहीत. जे चार-पाच स्वर लागतात तेवढेच घेतात, पण प्रत्येक स्वर थेट, मधोमध लागलेला. लाडू वळताना हात कसा मोजून तूप घेतो, तसं. आपल्याकडे अपरिग्रह म्हणतात तो दानधर्माच्या हिशेबात राहतो. गाण्यात तो कसा असतो, हे इथं कळतं.

याच्या शेजारी सरस्वतीबाईंचं गाणं ठेवते. १९४३ साली विजय भट्ट यांचा 'रामराज्य' चित्रपट आला, महात्मा गांधींनी पाहिलेला म्हणून ज्याची ख्याती आहे तो. संगीत शंकरराव व्यासांचं. त्यातलं वीणेवरचं गाणं सरस्वतीबाईंचं आहे, आणि ते भीमपलासीत आहे. आमच्या सासूबाईंना ते तोंडपाठ होतं, पण गाणारी कोण हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी ते "रामराज्यातलं" गाणं. पार्श्वगायिका हा शब्दच तेव्हा नवा होता.

पटदीप आणि भीमपलासी हे शेजारचे राग आहेत. दोन्ही दुपार कलतानाचे, दोन्हींत गंधार कोमल, चढतानाची पायरीही सारखीच: नि सा ग म प नि सा. फरक निषादाचा. भीमपलासीत तो कोमल, पटदीपात शुद्ध. पेटीवर बोट एक पट्टी सरकवायचं, एवढंच अंतर. पण तेवढ्यानं घर बदलतं. पटदीपातला शुद्ध निषाद वरच्या षड्जाकडे ओढ घेतो, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा. भीमपलासीतला कोमल निषाद तेवढा ताणत नाही. तो परत खाली वळायला तयार असतो. दोघी बहिणींच्या गाण्यातला फरक मला नेमका असाच वाटतो. घराणं एक, गुरू एक, मातीही एक. थोरलीचा स्वर पुढं ओढ घेणारा आणि तरी आवरलेला. धाकटीचा आवाज थोडा भरीव, बोलका, चटकन वळणारा. हे वळण नुसतं निसर्गाचं नव्हे. भावाच्या तालमीवर सरस्वतीबाईंनी जयपूर घराण्याच्या नत्थन खाँसाहेबांकडून घेतलं, ग्वाल्हेरचे प्रा. देवधर यांच्याकडून घेतलं. चार घरचं शिकलेल्या सुनेच्या हातात जशी चार प्रकारची आमटी असते, तशी त्यांची तान आहे.

मधल्या काळातली नाटक कंपनीही विसरून चालणार नाही. १९३० च्या आसपास या घरानं मिळून संगीत नाटकं केली. बालगंधर्वांच्या जमान्यात, जिथं स्त्रीची भूमिका पुरुषानं करायची, तिथं या बहिणी स्वतः रंगभूमीवर उभ्या राहिल्या. सरस्वतीबाई तर लहानपणापासून नाटकात होत्या. मधली बहीण कमलाबाई, तीही गाणारी. भाऊ शिकवतो आहे, आई सगळं चालवते आहे आणि बहिणी गातात, असं ते अख्खं कुटुंब म्हणजे एक गायनमंडळीच होती. पुढं बोलपट आला, कंपनी कर्जात बुडाली, बंद पडली. नाटकानं हिराबाईंच्या ख्यालगायनाला काय दिलं? माझ्या मते शब्द दिला. किराण्याचे गवई बोलांकडे जरा दुर्लक्षच करतात, असा आक्षेप जुनाच आहे. हिराबाईंच्या भजनात, भावगीतात शब्द कुठं पुसट होत नाही. मागं बसलेल्या माणसाला तो कळला पाहिजे ही रंगभूमीची शिस्त त्यात दिसते.

१९५३ मध्ये सुरेशबाबू गेले. माणिक वर्मा, प्रभा अत्रे यांच्यासारख्यांना घडवणारा हा माणूस स्वतः फारसा पुढं आला नाही. बहिणींचा भाऊ गेला तसा गुरूही गेला.

आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. १९६५ च्या सुमारास दोघी बहिणी एकत्र बसून गाऊ लागल्या. जोडीनं ख्याल गाणाऱ्या पहिल्या बायका म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. साधारण १९८० पर्यंत हे चाललं. आता वयं मोजा. १९६५ मध्ये हिराबाई साठीच्या, सरस्वतीबाई बावन्न वर्षांच्या. आपल्याकडे या वयाला बाई "आता काय राहिलंय" म्हणत माळ हातात घेते. यांनी त्या वयाला पूर्वी केलं नव्हतं असं काही तरी सुरू केलं.

भावांनी जोडीनं गाणं हे हिंदुस्थानी संगीताला नवं नव्हतं. डागर बंधू होते, नजाकत अली-सलामत अली होते. दक्षिणेत तर बहिणींच्या जोड्या सर्रास. कर्नाटकात राहत असल्यानं आमच्या कानावरून राधा-जयलक्ष्मी, बॉम्बे सिस्टर्स जातच असतात. पण कर्नाटक पद्धतीत कृती बांधलेली असते. दोघी बराचसा वेळ एकच ओळ एकाच वेळी म्हणतात, दोन आवाजांचा एक आवाज होतो. ख्यालात तशी सोय नाही. बंदिश दोन ओळींची. बाकी सगळं त्या क्षणी रचायचं. तिथं जोडीनं गायचं म्हणजे दुसरीनं काय केलं ते पुरतं ऐकून त्याच्या पुढचं बोलायचं. ऐकणं हेच अर्धं गाणं.

मी ऐकलेल्या त्यांच्या गाण्यात हे फार स्पष्ट आहे. विलंबितात थोरली सुरुवात करते. आवाज आता पूर्वीचा नाही, थोडा बारीक झालेला, श्वास आखूड. पण जागा तीच, स्वराचा मध्य तोच. ती एका स्वरावर येऊन थांबते, तो सोडायच्या बेतात असते, आणि धाकटी बरोबर त्याच स्वरावर हात ठेवते. दोन आवाज क्षणभर एकमेकांवर येतात, मग थोरली बाजूला होते. धाकटी तो स्वर तसाच परत म्हणत नाही. त्याला पलीकडून येऊन भिडते. थोरली खालून चढत आली असेल तर ही वरून उतरते. समेचा मुखडा मात्र दोघी मिळून. द्रुतात सरगम आणि तान बहुतेक धाकटीकडे येते. थोरलीचा दम राखला जातो, आणि तो राखला जातो आहे हे ऐकणाऱ्याला कुठं जाणवू दिलेलं नाही. माझा तर्क असा, की हिराबाईंच्या शेवटच्या पंधरा वर्षांच्या गाण्याला जी शांतता आली, तिच्यात निम्मा वाटा धाकटीचा आहे. खांद्यावरचं ओझं कुणी तरी उचललेलं असल्याशिवाय माणूस इतकं सावकाश चालू शकत नाही.

पाठशाळेत आपल्याला हत्तीची गोष्ट सांगतात. सोंड धरणारा वेगळं सांगतो, पाय धरणारा वेगळं, आणि सगळे भांडत बसतात. इथं एकीनं सोंड धरली आहे, दुसरीनं पाय, पण दोघी एकमेकींचं ऐकून मगच पुढचं बोलतात. अनेकांत हा शब्द मी लहानपणापासून पाठ केला. तो रोजच्या वागण्यात कसा दिसेल, हे मला या गाण्यात दिसलं.

म्हणून सगळंच उत्तम, असं मी म्हणणार नाही. कधी कधी हे गाणं फार सभ्य होतं. दोघींत कुठंच खटका उडत नाही. जोडीच्या गाण्यात थोडी चुरस हवी. एकीनं दुसरीला कोपऱ्यात गाठावं आणि तिनं तिथून हसत सुटावं, यातही प्रेम असतं. इथं तसं घडता घडता राहतं. विशेषतः द्रुतात धाकटीची तान आता मोकळी सुटणार असं वाटतं, जयपूरचं शिकलेलं बाहेर येणार असं वाटतं, आणि ती दोन पावलं आधीच वळून मुखड्यावर येते. थोरलीच्या पुढं जायचं नाही म्हणून. मला तिथं धाकटीचा राग येतो. मग आपलाच राग येतो, कारण ही सवय आपण सगळ्या घरोघरी वाढवली. मान राखणं चांगलंच. पण मान राखण्यासाठी आपलं अर्धं गाणं पोटात ठेवणं, यात थोरलीचाही तोटा आहे. तिलाही समोरून पुरता आवाज ऐकायला मिळत नाही.

याच किराणा घराण्यातलं दुसरं उदाहरण आमच्या हुबळीचं आहे. गंगूबाई हनगलही १९१३ च्याच, म्हणजे सरस्वतीबाईंच्या बरोबरीच्या. त्यांचा आवाज पुढं भारदस्त, पुरुषी झाला, आणि लेक कृष्णा त्यांच्याबरोबर गाऊ लागली. वरच्या सप्तकातलं लेक उचलायची. तिथं दोन आवाज इतके वेगळे, की गंगूबाईंना कुणी गोड म्हटलं नाही. लोकांना ऐकावंच लागलं. पण कृष्णाबाईंचं स्वतंत्र नाव किती जणींना आठवतं? २००४ मध्ये त्या आईच्या आधीच गेल्या. दुसऱ्या आवाजाचं हे असंच होतं.

सरस्वतीबाईंचंही तेच. हिराबाईंना १९७० मध्ये पद्मभूषण मिळालं, तो मान त्यांचाच होता. पण "हिराबाई आणि त्यांची बहीण" असं म्हणून आपण मोकळ्या होतो. ही बहीण १९३३ पासून आकाशवाणीवर गात होती. तिनं नाटकं केली, सिनेमात गायली, आणि थोरली १९८९ मध्ये गेल्यानंतरही सतरा वर्षं जगली. नात मीना फातर्पेकर हिला गाणं देऊन २००६ मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षी ती गेली. ही काही कुणाची नुसती बहीण नव्हे. भीमपलासीला कुणी पटदीपाची धाकटी बहीण म्हणून ओळखत नाही. त्याचा निषाद त्याचा आहे.

हे सगळं मला आत्ताच का सुचलं, तर आक्कांमुळं. गेल्या वर्षी पर्वाच्या आधी त्या म्हणाल्या, "मला आता दम पुरंना. तू म्हण. मी मागं बसून टाळ्या वाजवते." इतकी वर्षं त्या पहिली ओळ म्हणायच्या आणि मी दुसरी. मंडळातल्या बायकांनीही लगेच मला पुढं बसायला सांगितलं. मान मिळाला म्हणून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रात्री त्या दोघी बहिणींचं गाणं लावलं आणि वाटलं, आपण चुकीचा हिशेब करतो आहोत. पहिली कोण आणि दुसरी कोण एवढाच तो हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी आक्कांना म्हटलं, "आक्का, तुम्ही खालची ओळ धरा, सावकाश. दम संपतोय असं वाटलं की तिथंच सोडा, मी तिथूनच उचलते. आणि वरची मी माझी म्हणणार, तुम्ही बघत बसू नका." त्या म्हणाल्या, "आणि तू मला सोडून पुढं गेलीस तर?" मी म्हटलं, "जाणार की. परत येते समेवर."

चार दिवस सराव केला. पहिल्या दिवशी मी घाईनं उचलायची आणि त्यांचा स्वर मध्येच तुटायचा. आक्का पेटीवर बोट आपटून म्हणायच्या, "ऐकालीस काय गाणालीस?" तिसऱ्या दिवशी कुठं कळलं की श्वास ऐकायचा असतो. पर्वाच्या पाचव्या संध्याकाळी एका ठिकाणी ते बरोबर जमलं. त्यांचा आवाज गेला, माझा आला, आणि मध्ये भेग राहिली नाही. एकच ठिकाण, पण दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

बाहेर चपला घालताना एक बाई नेहमीप्रमाणं म्हणाल्या, "आक्का, गोड म्हटलासा हो आज."

आक्का थांबल्या. "दुसरी ओळ ऐकलासा काय?" त्यांनी विचारलं. "ती हिनं म्हटली."